पुलावरचे आंबे

नलूआत्या आमच्याकडे नेपरव्हिलला आली तेव्हा अंगणातला बर्फ नुकताच वितळला होता आणि गवत अजून पिवळंच होतं. दारात बूट काढता काढता तिनं पहिली गोष्ट विचारली ती ही, की एवढ्या मोठ्या घरात कसलाच आवाज कसा येत नाही. बाबांनी हसत हसत तिला हीटरचा, फ्रिजचा, लांबून जाणाऱ्या शिकागोच्या गाडीचा असे आवाज एकेक करून ऐकवले. ती म्हणाली, "हे सगळे यंत्रांचे झाले, सुध्या. मी घराचं विचारून राहिली." दुसऱ्या दिवशी सकाळपासून मग तिनं स्वतःच घराला आवाज दिला. सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून आणलेला लोखंडी खलबत्ता किचनच्या काउंटरवर ठेवून ती लसूण-मिरची कुटायला बसली, आणि बेसमेंटपर्यंत ते ठोके ऐकू येऊ लागले. मी तेव्हा बारा वर्षांची होते. शाळेच्या बससाठी उठायला मला त्यानंतर अलार्म लागला नाही.

आत्या बाबांपेक्षा चौदा वर्षांनी मोठी. बाबा तीन वर्षांचे असताना त्यांची आई गेली, आणि त्यांना भरवणं, न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं हे सगळं आत्यानं केलं. तिनं लग्न केलं नाही. नागपुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, त्यातून निवृत्त झाली आणि मगच भावाचं घर बघायला आली. आयुष्यभर नकाशे शिकवलेली बाई पहिल्यांदा देशाबाहेर पडली होती. आमच्या फ्रिजवर तिनं अमेरिकेचा नकाशा लावून घेतला आणि बाबांच्या ऑफिसची जागासुद्धा त्यावर टिंब देऊन दाखवायला लावली. ती ज्वारीचं पीठ घेऊन आली होती. पाटोडीचा रस्सा करायची, कोथिंबिरीला सांबार म्हणायची आणि सांबारवडी केली की आधी मला बोलवायची. मी तोवर घरात इंग्लिशमध्येच उत्तरं देत असे. आई मराठीत विचारायची, मी "आय नो, आय नो" म्हणत जिना चढायची. आत्यानं एकदाही रागावून सांगितलं नाही. ती फक्त म्हणायची, "मला ऐकू कमी येते बाप्पा, पुन्हा सांग," आणि मी मराठीत बोलेपर्यंत तिला ऐकू यायचं नाही. त्या तीन महिन्यांत तिनं मला दुरेघी वहीत बाराखडी गिरवायला लावली. आज मी हे ज्या लिपीत लिहिते आहे ती तिनं दिलेली आहे. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते इंग्लिशमध्ये सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ते दुसऱ्याच कुणाचं वाटायला लागलं.

आत्याला मधुमेह होता. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी ती इन्सुलिन घ्यायची. नागपूरहून तिनं पाच-सहा बाटल्या थर्मासात घालून आणल्या होत्या आणि इथे आल्यावर त्या एका छोट्या प्लास्टिकच्या डब्यात फ्रिजच्या दारात राहायच्या. ते औषध पाण्यासारखं स्वच्छ नसायचं, दुधाळ असायचं. घेण्याआधी बाटली तळव्यांत फिरवायची. हे काम तिनं मला दिलं होतं. "दहा वेळा फिरव. हलवू नको, फेस येते." मी बाटली दोन्ही तळव्यांत धरून रवी घुसळतात तशी फिरवायची आणि मोठ्यानं आकडे म्हणायची, तेही मराठीत. मग ती चष्मा लावून सिरिंजमध्ये औषध ओढायची आणि रेषेवर बरोबर आलंय का ते मला बघायला लावायची. साखर तपासायचं मशीन बाबांनी आणून दिलं होतं, पण बोटाला टोचून घ्यायला ती नाखूश असे. रविवारी बाबा समोर बसले की तेवढी तपासायची.

मोटरहोम भाड्यानं घेऊन कॅनडाला जायचं बाबांनी ठरवलं ते आत्यामुळेच. बाहेरचं खाणं तिला चालत नसे, आणि तिच्या हातचं सोडून आम्हालाही दुसरं काही नको झालं होतं. "गाडीतच किचन आहे, ताई. गाडीतच फ्रिज आहे. तुझ्या औषधाचीसुद्धा काळजी नाही," बाबा म्हणाले. शिवाय आंब्यांचा मोह होताच. त्या काळी अमेरिकेत हिंदुस्थानातला आंबा येत नसे. आत्याच्या आयुष्यातला हा पहिला उन्हाळा बिनआंब्याचा जाणार होता आणि ती ते दर दोन दिवसांनी बोलून दाखवायची. बाबांच्या ऑफिसमधल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की टोरांटोच्या बाजूला देशी दुकानांत हापूसच्या पेट्या सर्रास मिळतात. मग नायगारा, टोरांटो आणि आंबे असा बेत झाला. तिचा कॅनडाचा व्हिसा आला आणि माझी शाळा सुटली त्याच आठवड्यात आम्ही निघालो.

गाडी देणाऱ्या माणसानं आम्हाला सगळं फिरून दाखवलं. पाण्याची टाकी कुठे भरायची, सांडपाणी कुठे सोडायचं, पंपाचं बटण कोणतं. फ्रिज उघडून तो म्हणाला की आतमध्ये मागच्या बाजूला या ज्या पट्ट्या आहेत त्यांना काही टेकवू नका, त्या फार थंड होतात, गोठतं. बाबांनी ते आत्याला मराठीत सांगितलं. मी दोघांच्या मध्ये उभी होते. म्हणजे मी ते दोन्ही भाषांत ऐकलं.

निघण्याआधी दोन दिवस घरात तळणीचा वास होता. आईनं चिवडा केला, आत्यानं दशम्या, लसणाची चटणी, डब्यात मेतकूट, बरणीत लिंबाचं लोणचं. पोर्ट ह्यूरनच्या पुलावरून आम्ही कॅनडात शिरलो तेव्हा तिथल्या बाई अधिकाऱ्यानं गाडीत चढून एकेक डबा उघडायला लावला. मेतकुटाच्या पिवळ्या पुडीपाशी ती थबकली. "हे काय?" बाबा इंग्लिशमध्ये समजावू लागले, डाळी, तांदूळ, हळद, भाजून दळलेलं. तिचा चेहरा काही बदलेना. आत्यानं मग चमचाभर मेतकूट स्वतःच्या तळव्यावर घेतलं, तोंडात टाकलं, आणि डबा तिच्यापुढे धरला. बाई हसली आणि खाली उतरली. आत्या त्यानंतर टोरांटोपर्यंत खुशीत होती. खिडकीशी बसून ती मला तळ्यांची नावं विचारत होती आणि चुकलं की गुडघ्यावर टपली मारत होती. मला ती नेहमी अशीच आठवावी असं वाटतं. पण माणूस काय आठवायचं ते स्वतः ठरवू शकत नाही, हे मला आता कळून चुकलं आहे.

आंबे मिळाले ते चौथ्या दिवशी. ब्रॅम्प्टनच्या एका दुकानात, गवतात ठेवलेली देवगडची पेटी. आत्यानं दुकानातच एक आंबा नाकाशी धरला आणि डोळे मिटून उभी राहिली. बाबांनी दोन पेट्या घेतल्या. कॅम्पग्राउंडला आल्यावर आई म्हणाली की उकाडा फार आहे, पिकलेले तेवढे फ्रिजमध्ये ठेव गं, बाकीचे राहू देत. ती आणि बाबा बाहेर पाण्याची नळी जोडत होते. आत्या पाय वर करून पडली होती. गाडीतला फ्रिज तो केवढा, त्यात दही, दूध, भाज्या, दशम्यांचा डबा. मी सगळं सरकवून जागा करत होते. आत्याचा औषधाचा डबा पुढच्या कप्प्यात होता. तो मी उचलला आणि मागे सारला, अगदी मागे, पट्ट्यांना टेकेल असा. त्याच्यापुढे आंबे रचले. दार लागत नव्हतं म्हणून गुडघ्यानं ढकललं आणि खटका लावला. मला गाडी देणाऱ्या माणसाचं सांगणं त्या क्षणी आठवलं का? अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आले की नाही आठवलं. खरं सांगायचं तर आठवलं होतं, आणि एका रात्रीत काय होतंय, असं वाटलं होतं. त्या संध्याकाळचं औषध आत्यानं आधीच घेतलेलं होतं.

सकाळी ती म्हणाली, "आण बरं बाटली." आई बाहेर चहा करत होती, कारण तिला आत गॅस लावायची भीती वाटायची. बाबा आंघोळीला गेले होते. मी आंबे बाजूला करून डबा ओढला तर तो पट्टीला चिकटून बसलेला. दोन्ही हातांनी खेचून काढला. आत उरलेल्या दोन्ही बाटल्या पांढऱ्या घट्ट झालेल्या, उपड्या केल्या तरी काही हलेना.  मी आत्याकडे पाठ करून उभी राहिले आणि बाटल्या शर्टाच्या आत, काखेत धरल्या. आत्या म्हणाली, "सापडत नाही का?" मी म्हटलं, "आंबे काढतेय." मग मी बाथरूममध्ये गेले, नळाचं गरम पाणी सोडलं आणि पंपाच्या घरघरीत उभी राहून त्या विरघळवल्या. विरघळल्यावर औषध पूर्वीसारखं दुधाळ दिसलं. फक्त काचेला आतून बारीक पांढऱ्या कण्या चिकटून राहिल्या होत्या, दही नासायला लागलं की दिसतात तशा. मी बाटली फिरवली नाही, जोरात हलवली, कण्या दिसेनाशा होईपर्यंत. बाहेर आले तेव्हा आत्यानं बाटली हातात घेऊन विचारलं, "आज गार नाही लागून राहिली?" मी म्हटलं, "आधीच काढून ठेवली होती." ती म्हणाली, "शहाणी माझी बाय."

का नाही सांगितलं, हे मला पुढे मीच हजार वेळा विचारलं. त्याच दिवशी आम्ही नायगाराला जाणार होतो. सांगितलं असतं तर बाबा गाडी फिरवून आधी डॉक्टर शोधत बसले असते. मला बोलणी बसली असती, आणि तीही त्या माणसाचं नाव घेऊन, की सांगितलं होतं ना. पण ही कारणं मोठेपणी शोधलेली आहेत. त्या वेळी एवढंच होतं की बाटली पुन्हा पातळ झाली होती, म्हणजे काही झालं नव्हतं, आणि जे झालं नाही ते सांगायचं कशाला.

पुढचे चार दिवस आत्या ते औषध घेत राहिली. मी आकडे म्हणत बाटली फिरवत राहिले. साखरेचं मशीन नेपरव्हिलला डायनिंग टेबलवरच राहिलं होतं, ते रविवारी बाबांच्या लक्षात आलं. "राहू दे, बरी आहे मी," आत्या म्हणाली. तिला तहान फार लागत होती. नायगाराच्या कठड्याशी ती एवढं पाणी समोर पडत असताना हातातली बाटली दर मिनिटाला तोंडाला लावत होती. बाबा चेष्टेनं म्हणाले, "ताई, धबधबा संपवशील." ती वारंवार बाथरूमला जायची आणि बाबा टाकी भरल्याचा काटा बघून हसायचे. दुपारी ती झोपायची. उठली की एखादा आंबा मागायची, आई अर्धाच कापून द्यायची. "हवा लागली," आत्या म्हणायची. "वय झालं." मी तिच्याकडे बघत असायची. कण्या रोज वाढत होत्या. मी बाटली हलवायची.

परतीच्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा त्या पुलाशी आलो. ट्रक आणि गाड्यांची रांग पुलावर पार चढलेली होती आणि आम्ही नदीच्या वर, मधोमध थांबलो होतो. खाली पाणी इतकं निळं होतं की ते रंगवल्यासारखं वाटत होतं. तिथे बाबांना आठवलं. ऑफिसमधल्या त्या माणसानं हेही सांगितलं होतं, की आंबे परत नेता येत नाहीत, काढून घेतात. सात आंबे उरले होते. आई म्हणाली, "आपण सांगू या, आहेत म्हणून. ते घेतील आणि टाकून देतील." आत्या इतका वेळ डोळे मिटून बसली होती. ती उठून बसली. "देवगडाहून इथवर आले आणि टाकून देतील? काहून?" बाबा मागे वळून तिच्याकडे बघत होते. रांग हलत नव्हती. त्यांना तिचा चेहरा बघवेना, एवढंच झालं असणार. ते हसले आणि म्हणाले, "मग टाकायचे कशाला? आपण अजून पुलावरच आहोत. इथेच संपवू." आई स्टिअरिंगशी येऊन बसली आणि बाबा मागे आले.

त्यांनी मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि सुरीनं आंबे सोलले. मी एक खाल्ला, आईला पुढे फोडी नेऊन दिल्या. बाबांनी थोडं खाल्लं असेल. बाकी सगळं आत्याला. ते फोड कापायचे आणि सरळ तिच्या तोंडाशी धरायचे, आणि ती "पुरे रे" म्हणत तोंड उघडायची. "लहानपणी तू मला असंच भरवायचीस ना, गॅलरीत बसून?" ते म्हणाले. ती म्हणाली, "तू चावायचास बोटं." दोघंही हसत होते. तिच्या हनुवटीवरून रस ओघळला तो बाबांनी आपल्या रुमालानं पुसला. मी त्यांच्या समोरच्या बाकावर बसले होते आणि मला सांगायचं होतं. तोंड उघडलं की आंब्याचा वास आत जात होता. आई पुढून म्हणाली, "अहो, त्यांची साखर." बाबा म्हणाले, "एक दिवस गं. इन्सुलिन घेतलंय तिनं." तेव्हा आत्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली, आपल्या दोघींचं काम चोख आहे अशा अर्थानं. रांग हलली.

खिडकीशी आलो तेव्हा अधिकाऱ्यानं विचारलं, फळं आहेत का. "होती," बाबा म्हणाले, "आत्ता पुलावर खाल्ली." त्यानं गाडीत चढून बघितलं. टेबलावर साली आणि कोया होत्या. त्या त्यानं हातमोजे घालून एका पिशवीत भरल्या. "कोयसुद्धा नेता येत नाही," तो म्हणाला. मग आत्याच्या पिवळ्या झालेल्या बोटांकडे बघून त्यानं विचारलं, "चांगले होते?" आत्याला प्रश्न समजला. ती इंग्लिशमध्ये म्हणाली, "व्हेरी." मला वाटतं, घराबाहेरच्या कुणाशी तिचं ते शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिशिगनमधल्या एका कॅम्पग्राउंडवर ती नीट जागीच झाली नाही. डोळे उघडे होते, पण हाक मारली की भलत्याच बाजूला बघायची. तोंडाला कोरड पडून ओठ फाटले होते. बाबांनी तिला उचलून बाकावर टेकवलं, आईनं तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि आम्ही ती भली मोठी गाडी घेऊनच जवळच्या गावातल्या हॉस्पिटलच्या दारात गेलो. तिथल्या मशीनवर साखरेचा आकडा आलाच नाही. मशीनच्या मोजण्यापलीकडे गेली होती. डॉक्टर तरुण होत्या, शांतपणे विचारत होत्या. इन्सुलिन घेत होत्या का? रोज, बाबा म्हणाले. कुठे ठेवलं होतं? फ्रिजमध्येच, बाबा म्हणाले, सतत फ्रिजमध्ये. काल काय खाल्लं? तेव्हा बाबांचा आवाज बदलला. "आंबे," ते म्हणाले. "पाच असतील. मी दिले." डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या की औषधाची बाटली बघायला मिळाली तर बरं होईल. बाबा माझ्याकडे वळले. "मनू, पळत जा आणि घेऊन ये."

पार्किंगच्या पार टोकाला आमची गाडी उभी होती. मी आत गेले. गाडीत अजून आंब्याचा वास होता. डबा पुढच्याच कप्प्यात होता, सगळं रिकामं झाल्यामुळे आता जागाच जागा होती. वापरातली बाटली मी उजेडाकडे धरली. कण्या आता हलवूनही जाणार नाहीत इतक्या दिसत होत्या, कुणालाही दिसल्या असत्या.  मग दोन्ही बाटल्या कागदी टॉवेलमध्ये गुंडाळल्या आणि पार्किंगमधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. परत येऊन म्हटलं, "सापडल्या नाहीत." डॉक्टर म्हणाल्या, "हरकत नाही." बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पळत आल्यामुळे मला धाप लागली होती, म्हणून ते म्हणाले, "बस जरा."

आत्या चौथ्या दिवशी दुपारी गेली. साखर उतरली होती, पण तिचं हृदय थकलं, असं आम्हाला सांगण्यात आलं. मोठेपणी मी एका फार्मसिस्टला मैत्रिणीचं म्हणून सगळं विचारलं. त्याच्या बोलण्यावरून एवढं कळलं की हॉस्पिटलमध्ये बाटली दाखवली असती तरी उपचार तेच झाले असते. गोठलेलं औषध निकामी होतं, हेही त्यानं सांगितलं. आणि नुसते पाच आंबे? तो म्हणाला, औषध चालू असेल तर साखर वाढेल, त्रास होईल, पण सहसा माणूस त्यानं जात नाही. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले आणि दुकान बंद व्हायच्या वेळी घरी गेले.

कारण घरी बाबा होते, आणि त्यांच्या लेखी ते आंबेच होते. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ते आईला म्हणाले होते, "मी माझ्या हातानं सोलून दिले गं." मी खुर्चीवर झोपल्याचं सोंग करून ते ऐकलं. नंतर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. पण त्यांनी आंबा सोडला. कुणाकडे जेवायला गेलो आणि आमरस आला की ते वाटीवर तळवा ठेवायचे. पुढे अमेरिकेत आपला आंबा यायला लागला, मित्रमंडळी पेट्या वाटून घ्यायची, आमच्या वाट्याची पेटी ते गॅरेजमधूनच शेजाऱ्यांकडे पाठवायचे. आई म्हणायची, अहो, इतकी वर्षं झाली. ते "हो" म्हणायचे. माझं लग्न झालं, मुलगा झाला, मी पंचेचाळिशी ओलांडली, आणि प्रत्येक उन्हाळ्यात मला तो तळवा वाटीवर ठेवलेला दिसत राहिला. मी सांगू शकत होते. एका वाक्याचं काम होतं. आजही मी कुणाच्याही घरचा फ्रिज उघडला की माझा हात आधी मागच्या भिंतीला लागतो, किती गार आहे ते बघायला.

आई गेल्यावर बाबा त्या घरात एकटे राहू लागले. मी दर शनिवारी जायची. दोन वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी ते डायनिंग टेबलवर डाळिंब सोलत बसले होते. ऐंशीला आले होते, बोटं थरथरत होती, पण एक दाणा फुटू देत नव्हते. मी समोर बसले आणि सांगितलं. गाडी देणाऱ्या माणसापासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत, काही न गाळता, मराठीत. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "गोठल्यावर ते बिघडतं, हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"नाही. पण सांगायला हवं होतं, हे माहीत होतं."

त्यांनी चार दाणे सोलले. मग हळूच हसले. "तू लहानपणापासून अशीच. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घ्यायचं. तुझ्या आईचा गुण."

"बाबा, मी खरं सांगतेय."

"बाटल्या फ्रिजमध्ये होत्या. मी डॉक्टरांना सांगितलं ना. रोज मी स्वतः दार उघडत होतो. पट्टीला टेकलेला डबा मला दिसला नसता?"

"पुढे आंबे होते. आणि एकच रात्र होती ती."

"मनू." त्यांनी डाळिंब खाली ठेवलं. "तुला खोटं बोलता येत नाही. कधीच आलं नाही. उगाच कष्ट घेऊ नकोस."

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागले. कण्यांचं सांगितलं, काखेत बाटल्या धरल्याचं सांगितलं, आत्या "शहाणी माझी बाय" म्हणाली ते सांगितलं. तिथे त्यांचा चेहरा थोडा हलला, कारण ते शब्द तिचेच होते आणि मी ते बनवू शकले नसते हे त्यांना कळलं असावं. मला वाटलं, आता पोचलं. पण त्यांनी हात वर केला, वाटीवर ठेवायचे तसा नाही, समोरच्याला थांबवायला करतात तसा.

"पुरे," ते म्हणाले. आवाज रागाचा होता. लहानपणीही त्यांनी माझ्याशी असा आवाज काढला नव्हता. "तिनं मला लहानाचं मोठं केलं ते भरवून. मी तिला आयुष्यात एकदा भरवलं. त्याचं जे काय झालं ते माझं आहे. तेवढं माझ्याकडे राहू दे."

मी उठून चहा टाकला. आम्ही तो प्यायलो. त्यांनी डाळिंबाचे दाणे एका डब्यात भरून माझ्या मुलासाठी दिले. एरवी ते खुर्चीतूनच "नीट जा" म्हणायचे. त्या दिवशी ते भिंतीला धरत दारापर्यंत आले आणि मी बूट घालेपर्यंत उभे राहिले.

"हे दुसऱ्या कुणाला सांगत बसू नकोस," ते म्हणाले. "लोकांना खरं वाटेल."